दही झालं, लसूण झाला, आता कॅरमची पावडर हातात घेतलीय. कोणी थांबवेल का?

वखारभागातली शिलाईवाली · मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार. वय ३६, सांगली. घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज-ड्रेस शिवते. नाव लिहीत नाही, माझी गिऱ्हाइकं इथंही असतील. लांबण लागेल, पण एकदाच सगळं लिहून टाकते. पुन्हा धीर व्हायचा नाही.

जुलैत दाढेचं रूट कॅनाल झालं. सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या होत्या. त्या संपता संपता खालच्या अंगाला खाज सुरू झाली. साधीसुधी नाही. समोर गिऱ्हाईक माप द्यायला हात वर करून उभं आणि मी टेप धरून पायावर पाय दाबतेय. अंगावरून पांढरं जायला लागलं, दूध फाटल्यावर चोथा राहतो ना, तसं. वास काही नाही.

नवऱ्याला सांगितलं नाही. आत्यांना तर कसं सांगणार, सासूच ती. सांगितलं ते फक्त मोबाइलला.

एका व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या, लसणाची पाकळी दोऱ्यात ओवून रात्रभर आत ठेवा, सकाळी खाज गायब. दोऱ्याला माझ्याकडं काय तोटा! रात्री दोन वाजता न्हाणीत जाऊन ओढून काढली. ठेचा वाटलेला हात लागावा तशी आग.

मग दही. अर्धा तास गार वाटलं, पुढं तेच. मग 'तुमचा पीएच (आतल्या आंबटपणाचं माप) बिघडलाय' म्हणून टबात ॲपल सायडर व्हिनेगर. मग जखम धुवायचं जंतुनाशक कोमट पाण्यात घालून दोन वेळा धुणं, आतूनसुद्धा. मग मैत्रिणीनं मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. ती लावल्यावर दोन दिवस स्वर्ग, तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त. परत लावली, परत दोन दिवस बरं. असे तीन आठवडे काढले. आता कातडी लालभडक आहे आणि लघवीला बसलं की बाहेरून चरचरतं.

काल वाचलं की खरा उपाय बोरिक ॲसिड, बाकी सगळं झूठ. आमच्या घरात बोरिक पावडरचा डबा आहे, नवऱ्याच्या कॅरमचा. गणपतीत मंडळाची स्पर्धा असते, त्यासाठी नवाकोरा आणलाय. रिकाम्या कॅप्सूल आणून घरीच भरा असंही लिहिलं होतं. डबा काढला, स्वयंपाकघरात नेला, झाकण उघडलं, आणि मग म्हटलं आधी विचारावं.

आणखी डोक्यात काय काय आहे तेही लिहिते. मामी म्हणायची, पांढरं जातं म्हणजे हाडांचं पाणी होतं. एक पेज म्हणतं आंबट बंद करा, दुसरं म्हणतं दही खा. मे महिन्यात लग्नाच्या कार्यालयातला संडास वापरला होता, त्यातून आलं का? नवऱ्याकडून आलं का, की माझ्याकडून त्याला जाईल? आणि कॅन्सर तर नाही ना?

डॉक्टरकडं जा म्हणाल. गेले होते हो. तिथं काउंटरवरचा मुलगा भरल्या बाकासमोर मोठ्यानं विचारतो, "काय होतंय?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. आणि घरी आले.

---

कृष्णाकाठची सिस्टर · बुधवार, सकाळी ६.१५

डबा कॅरमबोर्डाजवळ ठेवून ये. मग पुढचं वाच.

मी सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी स्त्रीरोग ओपीडीत. आता मिरजेत घरी आहे. अगं-तुगं करते, माझी लेक तुझ्याच वयाची आहे.

बोरिकची गोष्ट पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती जास्त घातक आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या जंतुसंसर्गात डॉक्टर बोरिक ॲसिडच्या कॅप्सूल देतात. मोजून ६०० मिलिग्रॅमची एक, योनीत ठेवायची, ठरावीक दिवस. पोटात गेलं तर ते विष आहे, गरोदरपणात अजिबात चालत नाही. कॅरमची पावडर सोंगटी घसरण्यासाठी केलेली असते, कुणाच्या अंगात घालण्यासाठी नाही. आणि तुझी कातडी आत्ता सोललेली आहे. सोललेल्या कातडीतून ते अंगात जास्त भिनतं.

आता मूळ गोष्ट. 'पांढरं जातंय' म्हणून बाकावर दहा बायका बसलेल्या असायच्या आणि दहाजणींचं कारण एक नसायचं. काहींना तर काहीच झालेलं नसायचं. दोन पाळ्यांच्या मधे अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं पाणी जातं, गरोदरपणात जास्त जातं, ते निरोगी अंगाचं लक्षण आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा ओलावा, आतून गळालेल्या पेशी, थोडे चांगले जंतू, एवढंच त्यात असतं. हाडं तिथून वाहून जात नाहीत. तुझ्या मामीचीच काय, माझ्या आईचीही हीच समजूत होती, आणि अशा बायका थकलेल्या असायच्या हे खरं. पण रक्त तपासलं की हिमोग्लोबिन आठ निघायचं. थकवा त्याचा असायचा, दोष मात्र पांढऱ्यावर जायचा.

खरोखर काही झालेलं असेल तर बहुतेक वेळा तिघांपैकी एक. पहिलं कँडिडा, म्हणजे बुरशी. भयंकर खाज, फाटलेल्या दुधासारखं घट्ट पांढरं, वास जवळजवळ नाही. तू लिहिलंयस ते ह्याच्याशी जुळतं. दुसरं म्हणजे आतल्या जंतूंचा समतोल ढळणं, डॉक्टर त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. पातळ, करडट पांढरं पाणी आणि सुक्या बोंबलाच्या पाटीशेजारून गेल्यासारखा वास, संबंधानंतर जास्त. खाज कमी किंवा नाहीच. तिसरं ट्रायकोमोनास, हा एक परजीवी. पिवळं-हिरवट, फेसाळ. तो संबंधातून येतो आणि नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावं लागतं. बुरशीचं तसं नाही. नवऱ्याला स्वतःला खाज, पुरळ असेल तरच त्याला औषध. बुरशीवरून कुणी कुणावर संशय घ्यायचं कारण नाही, आणि कार्यालयाच्या संडासालाही सोडून दे.

बुरशीचं औषध वेगळं, बाकी दोघांचं वेगळं. बुरशीचं त्यांना चालत नाही, त्यांचं बुरशीला चालत नाही. २००२ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. आपल्याला बुरशीच झालीय असं समजून दुकानातून औषध नेणाऱ्या बायकांना तपासलं, तर तीनपैकी साधारण एकीलाच नुसती बुरशी निघाली. म्हणून तुझं वर्णन कितीही जुळलं तरी मी इथून औषधाचं नाव सांगणार नाही.

आणि तपासणी म्हणजे काय मोठं असतं? आमच्या मॅडम कापसाच्या काडीवर थोडं पाणी घ्यायच्या, पीएचच्या कागदाला टेकवायच्या, उरलेलं काचपट्टीवर. त्यावर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकला की जंतूंचा समतोल बिघडलेला असेल तर मासळीचा वास भपकन यायचा. मी खिडकीजवळ उभी राहायची तरी कळायचं. बुरशी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांसारखी दिसते, झाडाच्या फांदीला कळ्या याव्यात तशी. सगळं मिळून दहा मिनिटं. तू दीड महिना घालवलास.

पीएचबद्दल. वयात आलेल्या, पाळी चालू असलेल्या बाईच्या योनीत आंबटपणा असतो, ३.८ ते ४.५. तो राखणारे जंतू, लॅक्टोबॅसिलस, १८९२ मध्ये डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी वर्णन करून ठेवलेत. तुझ्या दाढेच्या गोळ्यांनी दाढेच्या जंतूंबरोबर हे राखणदारही मारले. बुरशी थोडी थोडी बऱ्याच जणींच्या अंगावर आधीपासून असतेच. तिला रान मोकळं मिळालं. गंमत म्हणजे बुरशीच्या आजारात पीएच बहुधा बिघडत नाही, ती त्या आंबटपणातही सुखानं वाढते. मग वरून व्हिनेगर ओतून काय साधलं? भाजलं, एवढंच.

दह्याचंही तसंच. दूध विरजणारे जंतू वेगळे आणि तिथले वेगळे. आपल्या विरजणानं तिथं दही लागत नाही. वर घरच्या दह्यात साखर असते, कधी रानटी बुरशीही असते. वाटीतलं दही खुशाल खा. आंबट खाल्ल्यानं हा आजार होत नाही. लसणाचा रस प्रयोगशाळेतल्या बशीत बुरशी मारतो हे खरं, पण बशीला आग होत नाही.

आतून धुणं आजपासून बंद. ती जागा स्वतःला स्वतः धुते. बाहेरून साधं पाणी पुरे.

कॅन्सरची भीती तू सांगितलेल्या लक्षणांवरून वाटत नाही. पण संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर रक्त, रक्तमिश्रित घाण वासाचं पाणी, ओटीपोटात दुखून ताप, किंवा फोड-जखमा यातलं काही असेल तर एक दिवसही घरी काढायचा नाही.

काउंटरवर "बायकांचं आहे, मॅडमनाच सांगते" एवढं म्हण. पोरगा पुढं विचारत नाही. मी बघितलंय.

---

तासगावची मेडिकलवाली · बुधवार, दुपारी २.०५

सिस्टरताईंनी सगळं लिहिलंय, मी फक्त ट्यूबचं सांगते, कारण तो गुन्हा आमच्या धंद्याचा आहे.

दोन दिवस स्वर्ग आणि तिसऱ्या दिवशी नरक, म्हणजे त्यात स्टेरॉइड होतं. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन, सोबत एखादं बुरशीचं औषध, एखादं अँटिबायोटिक, असं तीन-चार औषधांचं कडबोळं असतं. स्टेरॉइडनं खाज आणि लाली दबते, बुरशी आत मजेत. नाजूक जागेची कातडी पातळ होते ती वेगळीच. ही ट्यूब चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. तरी दिली जाते. माझ्याकडं बाप्ये येतात आणि बोटानं दाखवतात, "ती पांढरी-निळी." कुणासाठी, कुठं लावायची, काही बोलत नाहीत. मी विचारलं तर पुढच्या दुकानात जातात.

बुरशीवरची १५० मिलिग्रॅमची एक गोळी असते फ्लुकोनाझोलची, तीही बायका मनानं दर आठवड्याला खातात. गरोदर असताना ती मनानं घ्यायची नाही, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांना ती महागात पडू शकते. आणि बुरशी नसेल तर तिचा उपयोग शून्य.

सुगंधी 'इंटिमेट वॉश'चा खप आमच्याकडं दिवाळीच्या उटण्यासारखा आहे. मला कमिशन मिळतं, तरी सांगते, गरज नाही.

---

विट्याची वैनी · बुधवार, दुपारी ४.३०

मला दह्यानंच बरं वाटलं होतं. दोनदा. सगळंच खोटं म्हणायचं कारण नाही. आपल्या आज्या काय वेड्या होत्या का?

---

कृष्णाकाठची सिस्टर · बुधवार, संध्याकाळी ७.१०

वैनी, आज्या वेड्या नव्हत्या. माझी आजी दही डोक्याला आणि पोटाला लावायची, तिथं नाही लावायची. हा उपाय आज्यांचा नाही, इंटरनेटचा आहे.

तुम्हाला बरं वाटलं असेल, मी नाही म्हणत नाही. बुरशीची खाज पुष्कळदा पाळीच्या आधीच्या आठवड्यात जोर धरते आणि पाळी आली की उतरते. पाळीच्या आधी तीन दिवस दही लावलं की श्रेय दह्याला. आठवून बघा, दोन्ही वेळा पाळी कधी आली होती.

---

विट्याची वैनी · बुधवार, रात्री ९.५०

बघते. बहुतेक तसंच असेल.

---

आशाताई, वाळवा तालुका · गुरुवार, सकाळी १०.२०

मी आशा म्हणून गावपातळीवर आरोग्याचं काम करते, तेव्हा पैशाचं बोलते. ह्या आजारांसाठी सरकारी दवाखान्यात औषध फुकट असतं. जिथं सूक्ष्मदर्शक नाही तिथं लक्षणांवरून रंगीत पाकिटं देतात. पांढऱ्या पाण्यासाठीचं पाकीट हिरवं, त्यात बुरशीचं औषध आणि बाकी दोन्ही आजारांवरचं औषध एकत्रच असतं, कारण बघून सांगता येत नाही नेमकं कुठलं. ओटीपोट दुखत असेल तर पिवळं. जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत लैंगिक आणि जननमार्गाच्या आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथं दार लावून बोलतात. नाव बघून बिचकू नका.

तुरटीच्या पाण्याचं कुणी लिहिलं नाही. आमच्याकडं ते फार आहे. बाळंतपणानंतर 'घट्ट' व्हायला म्हणून. तुरटी कातडी सुकवते, बारीक चिरा पडतात, आणि चिरलेल्या जागी जंतू आणखी सहज शिरतात.

आणि एक, जे मला रोज टोचतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला साखर कारखाने सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आमच्या रानात येतात. पालात ना मोरी ना पाणी. पाळीत तेच फडकं, उसाची मोळी डोक्यावर, दिवसभर ओलं. पांढरं जातं, कंबर दुखते. आणि तीस-बत्तीसच्या बाईला गावाकडं कुणीतरी सांगितलेलं असतं की पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली होती. ८२ हजार ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. सगळ्याच पांढऱ्या पाण्यासाठी काढल्या असं नाही. पण आमच्या रानातल्या पाचटाच्या खोपीतल्या दोघींनी मला कारण सांगितलं ते हेच. एक २९ वर्षांची होती. तिला त्याआधी कुणी साधी गोळीसुद्धा दिली नव्हती.

तुमच्या मामीचं 'हाडांचं पाणी' ऐकलं की मला ती आठवते.

---

वखारभागातली शिलाईवाली · पुढचा गुरुवार, रात्री १०.५५

सगळ्यांना उत्तर द्यायला आठवडा लागला, ब्लाउजांची गर्दी होती. गौरी तोंडावर आहेत.

शनिवारी गेले. "बायकांचं आहे, मॅडमनाच सांगते." पोरानं मान खाली घालून नंबर लिहिला. सिस्टरताई, तुमचे पाय कुठं आहेत?

मॅडमनी काचपट्टी बघितली. बुरशी आहे. पण त्या म्हणाल्या, तुमची निम्मी आग बुरशीची नाहीच, लसूण, व्हिनेगर आणि जंतुनाशकानं भाजलंय, त्यात ट्यूबनं कातडी पातळ झालीय. आत ठेवायच्या गोळ्या दिल्यात सहा रात्रींच्या, क्लोट्रिमाझोल. बाकी धुणं, लावणं सगळं बंद. साखर तपासली, ठीक निघाली. तिसऱ्या रात्री मी सलग झोपले. आज मशीनवर चार तास बसले आणि लक्षातच आलं नाही की बसलेय.

मॅडमनी विचारलं, आतले कपडे कुठं वाळवता? मी गप्प. न्हाणीत, दांडीवर, वरून टॉवेल टाकून. पावसात तर दोन दिवस ओलेच असतात, मग तसेच इस्त्री फिरवून घालायचे. आता गच्चीवर उन्हात टाकते. पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंनी बघून न बघितल्यासारखं केलं. काल त्यांचेही तिथंच होते.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणून माझा पावडरचा डबा कणकेच्या डब्याशेजारी होता होय." त्याला वाटत होतं मी चुकून त्याच्या पोळ्या करणार होते.

आणि खरं लिहायचं ते राहिलंच. गोळ्यांचं पाकीट आत्यांनी बघितलं. विचारलं, कसल्या? सांगितल्या. त्या बराच वेळ वाती वळत बसल्या, मग म्हणाल्या, "मला पण आहे गं. माघापासून." माघापासून! ६३ वय, साखरेचा त्रास बारा वर्षं. उष्णता म्हणून रोज सब्जा भिजवून पितात आणि खोबरेल लावतात. आम्ही एका घरात, एका न्हाणीत, दोघीही खाजवतोय आणि एकमेकींना पत्ता नाही. त्यांच्यासाठी काय करू?

---

तासगावची मेडिकलवाली · पुढचा गुरुवार, रात्री ११.१०

थांबा. माघात साखरेची गोळी बदलली होती का त्यांची? पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं काही लिहिलंय का बघा. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. चांगली आहेत, हृदयाला आणि किडनीलाही चांगली. डापाचं पेटंट २०२० मध्ये संपलं, स्वस्त झाली, तेव्हापासून फार चिठ्ठ्यांवर दिसते. पण गोड लघवी म्हणजे बुरशीला पंगत. बायकांना हा त्रास नेहमीचा, आणि डॉक्टरांना कुणी सांगतच नाही. काही झालं तरी गोळी मनानं बंद करू नका.

---

कृष्णाकाठची सिस्टर · पुढचा गुरुवार, रात्री ११.२५

बरोबर विचारलंस. पाळी गेलेल्या बाईला बुरशी सहसा कमी होते. झाली तर आधी साखर आणि साखरेची गोळी बघायची. पण त्या वयात कोरडेपणानंही खाज येते, त्याचं औषध वेगळं. आणि डॉक्टरांनी नीट बघावं, त्या वयात कातडीचे दुसरेही आजार असतात. सब्जा पिऊ दे, त्यानं काही बिघडत नाही.

---

वखारभागातली शिलाईवाली · पुढचा गुरुवार, रात्री ११.४०

उठून पाकीट बघून आले. डापाच आहे. पौषात नाव बदललं होतं गोळीचं, संक्रांतीच्या आसपास.

शनिवारी दोघी जातोय. नंबर मी लावणार.